कडब्याच्या खोलीतला लाल उजेड

"आणि त्यांनी विचारलं, आई कुठंय, तर?"

"गावाला गेलीय म्हण."

"आपलं गाव हेच आहे, आई. हडपसर."

तुळजाबाईंनी भाकरी तव्यावर आपटली. रविवारी लोणी काळभोरची माणसं राजनंदिनीला बघायला येणार होती. मुलगा साईनाथ इंजिनिअर, घरची बागायत, माणसं साधी. साध्या माणसांचीच तुळजाबाईंना जास्त धास्ती होती.

थोरल्या तनयाच्या वेळीही साधीच माणसं आली होती. बोलणी होत आली होती. मग तुळजाबाई चहा घेऊन बाहेर गेल्या. त्यांच्या ओठांभोवतीचं आणि हातांवरचं कोड बघून पाहुण्यांनी कप उचललेच नाहीत. पुढे पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला. तनया आता बेंगळुरूला नोकरी करते. लग्नाचं नाव काढलं की फोन ठेवते.

जिच्या जिभेला सगळी भावकी टरकून होती, ती बाई तेव्हापासून लग्नकार्यांना जाईनाशी झाली. फोटो तर नाहीच. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालताना पदर घसरला होता, आणि एका निर्लज्ज कावळ्याला हाकलता हाकलता त्यांना हसू फुटलं होतं. तेवढ्यात राजनंदिनीच्या कॅमेऱ्याचा खट्ट आवाज झाला.

"माझा काढलास?"

"कुरडयांचा काढला."

"कुरडया काय पळून चालल्या व्हत्या?"

राजनंदिनी श्रीधर सरांकडे जुन्या पद्धतीची फोटोग्राफी शिकत होती. कॅमेऱ्यात रोल भरायचा, तो धुवायचा आणि मग अंधाऱ्या खोलीत एकेक फोटो कागदावर उतरवायचा, तोही काळापांढरा. "खिशात मोबाइल असताना ही हौस म्हंजी रिकामपणाचे धंदे," असं तुळजाबाईंनी जाहीर केलं. तरी गोठा मोडल्यापासून रिकामी पडलेली कडब्याची खोली त्यांनीच तिला झाडून दिली. खिडकीवर काळं कापड चढलं, आत लाल दिवा लागला. त्या उजेडाने म्हणे कागद खराब होत नाही.

एकदा त्या चहा घेऊन आत गेल्या. कप पुढे करताना त्यांची नजर स्वतःच्या हातांवर पडली. हात एका रंगाचे होते.

"तोंड कसं दिसतंय गं माझं?"

"सगळ्यांसारखं. लाल उजेडात डाग कळत नाहीत."

"आणि कुंकू?"

"तेही नाही."

"अगं ए, तुझा बाप जिता हाय अजून!"

असं म्हणाल्या, पण चहा निवला तरी बाहेर आल्या नाहीत. मग रोजच स्टुलावर बसू लागल्या. औषधाच्या पाण्यात कागद टाकला की ट्रे हलवत राहायचं, म्हणजे औषध सगळीकडे सारखं लागतं, हे त्या शिकल्या. पुढे तर राजनंदिनीलाच ओरडायच्या, "जरा हात चालव. हे काय पाळण्यातलं बाळ हाय?"

"आई, मग त्यांना त्या खोलीतच भेट ना," आता राजनंदिनी म्हणाली. "साईनाथच्या आईंना माझं काम बघायचंच आहे. बायोडाटाबरोबर मी काढलेला एक फोटो गेला होता, त्याची अजून एक प्रत हवीय त्यांना."

"साडीतला पाठवलास ना?"

"साडीतलाच."

"आन् चेहरा नीट आलाय?"

"तसा आजवर कुणाचाच आला नाही."

तुळजाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. स्वतःच्या घरात चोरासारखं अंधारात बसायचं. मान खाली गेली त्यांची. पण तनयाच्या वेळचे ते भरलेले कप आठवले, आणि त्या हो म्हणाल्या.

रविवारी राजनंदिनीच्या वडिलांनी, दत्तोबांनी, पाहुण्यांना पाणी दिलं आणि ठरल्याप्रमाणे सांगितलं, "मंडळी आत औषधं कालवतीय." साईनाथ आणि त्याची आई इंदुबाई खोलीत आले. दार लागलं.

तुळजाबाईंनी पदर डोक्यावरून घेतला नाही. कितीतरी दिवसांनी त्या परक्या माणसांसमोर ताठ उभ्या राहिल्या.

"या. वाकून या, तिथं दोरी हाय. पोरीनं खोलीत वाळवणच घातलंय सगळं."

इंदुबाई हसल्या. साईनाथही हसला. तुळजाबाईंची जीभ सुटली. लोणीची वांगी, हायवेचा धुरळा, सगळ्यावर बोलून झालं. इंदुबाई त्यांच्याकडे सारख्या निरखून बघत होत्या. बघेनात का. इथे काय दिसणार होतं?

राजनंदिनीने फोटो मोठा करायच्या यंत्राचा दिवा लावला. कागदावर उलटं चित्र पडलं. केस पांढरे, दात काळे.

"हितं सगळीच भुतं," तुळजाबाईंनी पाहुण्यांना समजावलं. "खरं माणूस पाण्यात निघतं."

कागद ट्रेमध्ये पडला. "आई, तू हलव," राजनंदिनी म्हणाली.

तुळजाबाई ऐटीत पुढे झाल्या. "आता बघा. आधी काळं उमटतं."

केस उमटले. डोळे उमटले. कुणीतरी मनापासून हसत होतं. गाल हळूहळू सावळे झाले, पण ओठांभोवती कागद कोराच राहिला.

"तिथं औषध लागलं न्हाई अजून," म्हणत त्यांनी ट्रे जोराने हलवला. पाणी काठावरून सांडलं. गाल आणखी गडद झाले. कोरं होतं ते कोरंच राहिलं.

मग खालच्या कडेला, पदराच्या पुढे, कुरडया उमटल्या.

तुळजाबाईंचा हात थांबला. दुसऱ्या क्षणी त्यांनी अख्खा पंजा त्या ओल्या कागदावर दाबला. आता दार उघडेल, माणसं निघतील आणि उद्या पत्रिकेचा निरोप येईल. राजनंदिनीकडे बघायची त्यांची छाती होईना.

"अहो ताई, हात काढा, खराब होईल तो," इंदुबाई घाईने म्हणाल्या. "पहिला आला तो आमच्या सासूबाईंनी ठेवून घेतलाय, देतच न्हाईत. हसणारी विहीण पाहिजे म्हणाल्या, म्हणून तर आलो आम्ही. पण या दिव्यात तुम्ही काही फोटोतल्यासारख्या दिसत न्हाई बघा. चला की बाहेर, उजेडात."