सासूबाईंची नखं

शलाकाने ब्रश द्रवात भिजवून पावडरीत टेकवला आणि नकली नखासाठी ॲक्रिलिकचा इवलासा गोळा सासूबाईंच्या अंगठ्यावर ठेवला. तो ओघळून कातडीवर पसरला. पाचव्यांदा!

उद्या नेल आर्टच्या क्लासची परीक्षा होती. पास झाली तरच पार्लरमध्ये काम मिळणार होतं, आणि सरावासाठी हात द्यायला सासूबाईंखेरीज कोणी तयार नव्हतं.

"हात हलवू नका हो, आई!"

"मी कुठे हलवतेय? तूच थरथरतेयस."

दात-ओठ खात शलाकाने अंगठा पुसला. पुढचा गोळा तर ब्रशवरच दगड झाला. तिने ब्रश आपटला. "नाही जमत मला! चाळिशीत हे खूळ घेतलं, तेच चुकलं. उद्या जातच नाही मी."

सासूबाईंनी हात मागे घेतला नाही. भाकऱ्या थापून झिजलेल्या बोटांत तर्जनीवरचं एकच नख कसंबसं जमलं होतं. गुलाबी, किंचित वाकडं. त्या ते उजेडात धरून बघत होत्या.

"नको जाऊस," त्या म्हणाल्या, "पण माझी उरलेली नऊ बोटं आधी पुरी कर. उद्या भजनात पेटी मी वाजवणार आहे. सगळ्या बायका हातांकडेच बघतात."

शलाकाने डोळे पुसले आणि दुसरा ब्रश उचलला.