चष्मा सापडेपर्यंत

"अहो बाबा, पुन्हा? भरा आता पहिल्यापासून!" मुलगा फोनवर करवादला. पेन्शनच्या नव्या वेबसाइटवर वडिलांचा फॉर्म सकाळपासून तिसऱ्यांदा वाया गेला होता. पाच मिनिटांत भरून झाला नाही, की ती सगळं पुसून माणसाला बाहेर काढायची.

"अरे, चष्मा सापडत नव्हता. सापडला तोवर पान गेलं."

मुलाने कपाळावर हात मारला. ही वेबसाइट किती गर्दी सोसते, हे तपासायचं काम त्याचंच. गेल्याच आठवड्यात त्याने कॉम्प्युटरवर दहा हजार खोटी माणसं तयार करून एकदम तिच्यावर सोडली होती. सगळ्यांचे फॉर्म बिनबोभाट भरले गेले, साहेबांनी पाठ थोपटली, आणि इथे घरच्याच माणसाने नाकी नऊ आणले होते.

"दहा हजार जणांनी हाच फॉर्म दोन-दोन मिनिटांत भरलाय, बाबा! तुमच्याच वेळी कुठे माशी शिंकते?"

पलीकडून वडील ओशाळल्या आवाजात म्हणाले, "त्या दहा हजारांत कुणाचाच चष्मा हरवला नाही का रे?"