न उडणारा रंग

मिरजेत स्कूटरांना रंग मारून देणाऱ्या हेमलतासमोर तिच्या धाकट्या भावाने, अविनाशने, रंग उडालेली एअरसॉफ्ट बंदूक ठेवली. प्लास्टिकच्या गोळ्या उडवणारं ते खेळणं हुबेहूब पिस्तुलासारखं होतं. नळीचं टोक तेवढं नारिंगी.

"ताई, सगळी काळी कर. टोकसुद्धा. आणि रंग उडता कामा नये."

"टोक कशाला? खेळणं आहे हे कळायला नको?"

"कळू नये म्हणूनच." तो हसला नाही. "स्वाती माहेरहून यायला तयार नाही. उद्या जाऊन जरा भीती दाखवतो, मुकाट्याने येईल."

नाही म्हटलं तर तो दुसरीकडून करून घेणार, हे हेमलताला ठाऊक होतं. "संध्याकाळी ये," ती म्हणाली.

तिने जुना रंग पॉलिश पेपरने घासून काढला, प्रायमर मारला, रंगाचे पातळ हात एकावर एक वाळवत दिले आणि वरून रंग पक्का धरून ठेवणारं लॅकर चढवलं.

संध्याकाळी अविनाशने तिने दिलेल्या पुडक्याचा कागद उलगडला. मुठीपासून टोकापर्यंत बंदूक भडक नारिंगी होती. त्याने नखाने खरवडून पाहिलं. ओरखडासुद्धा उठला नाही. त्याने बहिणीवर हात उगारला.

"मार," हेमलता जागची न हलता म्हणाली. "पण स्वातीला मी सगळं सांगितलंय. ती वडिलांबरोबर पोलीस चौकीत बसलीय."

त्याचा हात हळूहळू खाली आला. बंदूक तिथेच टाकून तो पायऱ्या उतरून गेला. मग कुठे हेमलताने दार आतून लावून घेतलं.