पेशींची जिलेबी

जखम भरताना पेशींमध्ये काय काय घडतं, यावर हर्षा नागपूरच्या प्रयोगशाळेत संशोधन करायची. सुट्टीत गावी अड्याळला आल्यावर तिनं बाबांना, म्हणजे केवळरामांना, हौसेनं सांगितलं, की जखम भरताना पेशी भराभर साखर खातात. दुसऱ्याच दिवशी केवळरामांचं बोट विळ्यानं कापलं. हर्षा पट्टी घेऊन आली, तर ते ओसरीवर जिलेबी खात बसलेले.

"बाबा, तुमाले शुगर आहे ना?"

"मी कुठं खाऊन राहिलो? पेशी खाऊन राहिल्या."

त्यांना धाक बसावा म्हणून ती गंभीरपणे म्हणाली, "शुगरवाल्याची जखम लवकर भरत नाही, बाबा. महिना महिना लागते."

केवळरामांचा चेहरा खुलला. त्यांनी आत बायकोला हाक दिली, "आयकलं का? महिनाभर जिलेबी आणा लागन."