मानेखालचा हात

दीड तास झाला तरी कुरखेड्याची बस लागली नव्हती. हर्षाने आईला चंद्रपूरच्या स्टँडवरच्या बाकावर बसवलं आणि आपणही शेजारी टेकली. पहाटे उठून डबा, मग दवाखान्यातली रांग, मग औषधांची रांग. आता बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आठ दिवस झाले होते. आईच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता.

"हर्षा, पाणी दे वं थोडंसं," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

पलीकडे बसलेल्या दोघींपैकी थोरलीने चटकन मान वळवली. "बाई, हा आवाज मी ऐकला आहे. 'तुटक्या नावेची नवरी'तल्या सत्यशीलाबाई तर नाई तुमी?"

"होती बाई," सत्यशीलाबाई आवाजाच्या दिशेने हसल्या. "नाटक सोडून बारा वर्सं झाली."

ती खातून, धानोऱ्याची. तिने ते नाटक अकरा वेळा पाहिलं होतं. बरोबरची निशात तिची नणंद. तिने नाटकावरून निघालेला पिक्चरच तेवढा पाहिला होता.

"पिक्चरमधली नवरी पुरातून नाव नेते, तरी एक केस हालत नाई तिचा," खातून म्हणाली. "या बाईचा अंबाडा तिसऱ्या अंकापर्यंत अर्धा सुटलेला राहे. खरंच नदीतून आल्यासारखा."

"पण पिक्चरमधी खरी नदी आहे, भाभी."

"नदीचं काय घेऊन बसली! नाटकात तर निळं लुगडं दोघं जणं दोन बाजूनं हालवत, तरी आमी पाय वर घेत होतो. अन् एकदा तर नावाड्याची मिशी निघून त्या लुगड्यात पडली. बाईनं गाता गाता उचलली, त्याच्या हातात देल्ली. सूर नाई सोडला!"

सत्यशीलाबाई खुदकन हसल्या. हर्षाने डोळे मिटून घेतले. अशी माणसं तिला लहानपणापासून भेटत आली होती. दुकानात, लग्नात, शाळेच्या फाटकाशी. दिवाळीला आई नाटक कंपनीबरोबर निघायची ती होळीलाच घरी यायची. मधले सगळे महिने तिच्याबद्दल, तिच्या मांडीवरच्या बाहुलीबद्दल लोक सांगायचे, तेवढीच आई.

खातूनचा आवाज खाली आला. "पण मले सगळ्यात काय आवडे सांगू? नावेतली अंगाई. पिक्चरवालीनं लेकरू गाठोड्यासारखं धरलं आहे. तुमच्या मांडीवर तर कपड्याची बाहुली. पण गाताना, रडताना, नावाड्याशी भांडताना, तुमचा हात तिच्या मानेखालून एकदाबी सुटला नाई. पहिल्यांदा पाह्यलं तेव्हा माझा जाहिद तीन महिन्याचा होता. तसाच मानेखाली हात धरून घरी नेला मी त्याले."

मग ती हर्षाकडे वळली. "तू या बाईची पोरगी ना? नशीबवान आहेस वं. तुले तर रोज भेटली असंल ही मांडी."

"मी मावशीकडे वाढली," हर्षा म्हणाली.

तेवढ्यात धानोऱ्याची गाडी लागली. खातूनने पिशव्या उचलल्या, सत्यशीलाबाईंचा हात क्षणभर दोन्ही हातांत धरला आणि नणंदेला ओढत गर्दीत शिरली.

बाकावर दोघीच उरल्या. विचारायचं नाही असं हर्षाने कितीतरी वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं. पण आज ती इतकी थकली होती, की ते ठरवलेलंही तिला धरून ठेवता आलं नाही.

"एवढं जपत होती तू त्या बाहुलीले?"

"जपत कायले," आई म्हणाली. "मानेची शिवण उसवली होती तिची. हात काढला असता तर मुंडकं गेलं असतं घरंगळत. लोकं हसले असते."

हर्षाला हसू फुटलं. आधी नाकातल्या नाकात, मग एवढ्या मोठ्याने की फुटाणेवाला वळून पाहू लागला. एका चिंध्यांच्या बाहुलीचा आपण इतकी वर्षं राग केला. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

"मंग शिवली काऊन नाई? सुईदोरा नव्हता का कंपनीत?"

आईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

"होता ना. कपडे पाहणारी सोमारी दर सालच्या सुरुवातीले शिवून देत होती," ती म्हणाली. "पण लेकराची मान धरल्यासारखं वाटे, म्हणून मीच उसवत होती."