कडक उपास

गोदाबाईंचं कानातलं यंत्र पोटावर चालायचं. जेवलं की पोटातल्या आम्लाचे प्रोटॉन गिळलेल्या गोळीतल्या आम्लारीकडे जायचे आणि त्या देवघेवीतून वीज मिळायची. उपासाला बाई ठार बहिऱ्या, हे सोसायटीला ठाऊक होतं.

तापानं फणफणलेल्या सुनेसाठी आज निर्जळी उपास होता. दुपारी मात्र त्यांनी गुपचूप दोन थालीपीठं हाणली.

विचारपूस करायला आलेल्या शेजारच्या शालनताई म्हणाल्या, "मृणाल, नशीबवान आहेस गं! तुझ्यासाठी किती कडक उपास! बघ, सासूला काही म्हणजे काही ऐकू येत नाहीये."

गोदाबाई मान खाली घालून सगळं ऐकत राहिल्या.

शालनताई गेल्यावर मृणाल भिंतीकडे तोंड करून पुटपुटली, "आई, पाणी…"

गोदाबाई घुटमळल्या. मग उठून पाणी घेऊन आल्या.

मृणाल प्यायली आणि हळूच म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही."

एवढं तरी ऐकू यायला नको होतं, असं गोदाबाईंना वाटलं.