कोंबड्यांवरचं छत

"बाबा, जरा डावीकडे ओढा. अजून आभाळ दिसतंय," सुनेनं खालून सांगितलं.

शिडीवरच्या म्हाताऱ्या पेंटरनं फ्लेक्स ओढला आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीनं बांबूला करकचून आवळला. पाखरांमध्ये साथ आली होती. उघड्यावरच्या कोंबड्यांवर छत घाला, नाहीतर उचलून नेऊ, असा हुकूम निघाला होता. दुकानातली जाळी परवडण्यातली नव्हती. मग बाजूंना फाटकी मच्छरदाणी दुहेरी शिवून लावली, मधे कपडे वाळत घालायची तार ताणली आणि वर हा फ्लेक्स, चपलांच्या बंद पडलेल्या दुकानाचा. त्यावरचे मोठमोठे बूट आतल्या बाजूला आले होते.

"कोंबड्यांना वाटेल, कुणीतरी आपल्या डोक्यावर पाय दिलाय," पेंटर म्हणाला.

सून खुदकन हसली. या कोंबड्या तिच्या नवऱ्यानं, पेंटरच्या मुलानं आणलेल्या. तो गेल्यापासून ती माणसांशी हो-नाही एवढंच बोलायची. कोंबड्यांशी मात्र तिचं दिवसभर चाले.

दुपारी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी कोपरे चाचपले, तार ओढून पाहिली. "झकास! आता काळजी नको." सून लगबगीनं चहा टाकायला आत गेली.

पेंटर बांबूला टेकून उभा होता. मागच्या कोपऱ्यात तांबडी कोंबडी पिसं फुलवून बसली होती. तिचा तुरा कडेनं जांभळा पडला होता. सकाळी तो लालभडक होता. जन्मभर रंग कालवलेल्या माणसाला हा सावलीचा भास म्हणून सोडून देता येईना. शेजाऱ्यांकडेही कोंबड्या होत्या. त्यांच्या पलीकडेही होत्या.

डॉक्टर गाडीकडे वळले. आतून कपबशांचा आवाज आला.

"डॉक्टर, ती मागची एकदा बघून जा."

सून ट्रे घेऊन दारात आली, तेव्हा डॉक्टर हातमोजे चढवत होते. तिला सगळं कळलं.

"तिला मी वेगळी ठेवते ना. बाकीच्या बघा, कशा खातायत!"

"ताई, एकीला लागलं की सगळ्याच न्याव्या लागतात."

तिनं डॉक्टरांकडे नाही, सासऱ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी सरकारी माणसं कोंबड्या पोत्यांत भरून घेऊन गेली. मागे त्यांनी टाकलेल्या चुन्याचा थर उरला. सून रडली नाही. तिनं छत काढूही दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर पेंटर मागच्या दारी आला. सून मच्छरदाणीच्या आत, फ्लेक्सखाली मटार सोलत बसली होती. कडी आतून लावलेली.

"पोरी, तिथं कशाला बसलीस?"

"सावली चांगली पडलीय, बाबा."

तिनं मान वर केली नाही. एक किडका दाणा सवयीनं पुढ्यात टाकला. पांढऱ्या चुन्यावर तो हिरवागार दिसत राहिला.